बाल्कनीतून नेमकं काय दिसणार?

व्हेनिसला जाणाऱ्या क्रूझवर खोली घेताना एक सल्ला वर्षानुवर्षं हमखास मिळायचा: जाताना जहाजाच्या उजव्या बाजूची बाल्कनी घ्या. सल्ला चोख होता. लिडो बेटाजवळून आत शिरलेलं जहाज पश्चिमेकडे तोंड करून ज्युदेक्का कालव्यातून हळूहळू सरकायचं आणि सेंट मार्कचा चौक, डोजचा राजवाडा, उंच घंटाघर असं सगळं उजव्या हाताला, दहाव्या मजल्यावरून पायाशी मांडल्यासारखं दिसायचं. १ ऑगस्ट २०२१ पासून इटलीच्या सरकारने २५ हजार ग्रॉस टनांहून मोठ्या जहाजांना हा मार्ग बंद केला. आता मोठी जहाजं मार्गेराच्या औद्योगिक बंदरात लागतात, नाहीतर ट्रिएस्ट किंवा रावेन्नाला थांबून प्रवाशांना बसने व्हेनिसला पाठवतात. सल्ला मात्र अजून फिरतोच आहे. त्यावर विसंबून उजवी बाजू घेणाऱ्याच्या वाट्याला घंटाघराऐवजी कारखान्यांच्या चिमण्या येण्याचीच शक्यता जास्त.

क्रूझची खोली निवडताना लोक मजला बघतात, पलंग बघतात, बाथरूम केवढं आहे ते बघतात आणि ‘बाल्कनी’ हा शब्द दिसला की निर्धास्त होतात. बाल्कनी ही फक्त बाहेर उभं राहायची जागा. तिच्यासमोर काय येणार हे ठरतं जहाजाच्या मार्गावर आणि त्या मार्गावरच्या वेळांवर. त्यानंतर प्रश्न येतो त्या खोलीच्या वर, खाली आणि शेजारी जहाजाने काय काय टांगून ठेवलंय याचा. चौकशीही याच क्रमाने करावी. एजंटच्या टेबलावर मात्र ती उलटी सुरू होते: आधी दर, मग खोलीचा प्रकार, आणि मार्गाचा नकाशा पत्रकाच्या शेवटच्या पानावर, काडेपेटीएवढा.

पहिला प्रश्न बाजूचा. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभं राहिलं की डावी बाजू म्हणजे पोर्ट, उजवी म्हणजे स्टारबोर्ड. जहाज बंदरात उलटं लावलं तरी ही नावं बदलत नाहीत. खोल्यांचे सम आकडे एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला, अशी बहुतेक जहाजांवर पद्धत असते. पण सम कुठे आणि विषम कुठे हे कंपनीगणिक बदलतं, त्यामुळे आकड्यावरून अंदाज न बांधता जहाजाच्या मजल्यांचा नकाशा उघडून खात्री करावी. एखाद्या बेटाभोवती किंवा आइसलँडसारख्या देशाभोवती फेरी असेल तर हिशेब सोपा आहे. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाणारं जहाज देवळातल्या प्रदक्षिणेसारखं जातं: गाभारा उजव्या हाताला, म्हणजे जमीनही उजवीकडे. उलट्या दिशेने फेरी असेल तर डावी बाजू घ्यावी. अशा फेऱ्यांमध्ये चुकीची बाजू घेतली तर आठवडाभर नुसतं पाणी बघावं लागतं, आणि बाजू बदलायला तेव्हा जहाजावर बहुधा एकही खोली रिकामी नसते.

पण सगळे मार्ग असे नसतात. नॉर्वेतला गेइरांगर फ्योर्ड हा तर बाजूचा वाद निकालातच काढतो. पंधरा किलोमीटर लांबीची ही चिंचोळी खाडी, २००५ पासून युनेस्कोच्या यादीत असलेली. जहाज ज्या वाटेने आत जातं त्याच वाटेने बाहेर येतं. ‘सात बहिणी’ हा प्रसिद्ध धबधबा उत्तरेच्या कड्यावरून कोसळतो, त्यामुळे आत जाताना तो डाव्या बाजूला आणि परतताना उजव्या बाजूला. त्याच्या समोरच्या कड्यावरून ‘मागणी घालणारा’ नावाचा धबधबा पडतो, तो दुसऱ्या बाजूच्या बाल्कनीला आधी दिसतो. म्हणजे दोघांनाही दोन्ही मिळतात, फरक फक्त वेळेचा. जहाजं सहसा सकाळी लवकर आत येतात आणि दुपारी किंवा संध्याकाळी निघतात. ज्याला साखरझोप प्यारी आहे त्याने उजवी बाजू घेऊन परतीच्या वेळी बहिणींना भेटावं. धबधब्याचं पाणी वितळणाऱ्या बर्फाचं आहे, म्हणून मे ते जुलैत तो भरात असतो. उन्हाळा सरत आला की सातांपैकी काही धारा आटतात. तेव्हा इथे बाजूपेक्षा महिना नीट निवडणं जास्त मोलाचं.

मराठी माणसाच्या यादीत सध्या अलास्का बरीच वर आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते, आईवडील उन्हाळ्यात जातात, आणि सिॲटलहून किंवा व्हँकुव्हरहून सात रात्रींची क्रूझ ठरते. या दोन बंदरांतला फरक दराच्या तक्त्यात दिसत नाही, पण बाल्कनीतून तो चांगलाच जाणवतो. व्हँकुव्हरहून निघालेलं जहाज साधारणपणे व्हँकुव्हर बेट आणि कॅनडाची मुख्य भूमी यांच्यामधल्या अरुंद सामुद्रधुन्यांतून उत्तरेला जातं. दोन्ही अंगांना देवदार-स्प्रूसचे डोंगर, मधूनच एखादं दीपगृह. सिॲटलहून निघालेली पुष्कळ जहाजं त्याच बेटाच्या पश्चिमेने, खुल्या पॅसिफिकमधून जातात. तिथे पहिला पूर्ण दिवस करडं पाणी, आणि बोट लागणाऱ्यांचे हाल वेगळेच. सिॲटलच्या फेऱ्या कॅनडातल्या व्हिक्टोरियाला का थांबतात, याचं कारण १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यात आहे: परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेत निघून अमेरिकेतच प्रवासी उतरवायचे असतील तर मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. तो थांबा बऱ्याचदा संध्याकाळचा आणि घाईचा असतो. भारतीय पासपोर्ट असेल तर दोन्ही मार्गांसाठी कॅनडाच्या व्हिसाची तजवीज आधीच करावी.

व्हँकुव्हरहून निघून सीवर्ड किंवा व्हिटियरला संपणारा एकेरी प्रवास घेतला, तर किनारा एकाच बाजूला राहतो: उत्तरेला जाताना उजवीकडे, दक्षिणेला येताना डावीकडे. अलास्काच्या आखातातून जाताना स्वच्छ हवेत हिमशिखरांची रांग त्या बाजूला दिसते. निघालं त्याच बंदरात परतणाऱ्या फेरीत मात्र बाजूवरून घरात भांडण करण्याची गरज नाही. आणि ज्यासाठी लोक मुख्यतः जातात त्या ग्लेशियर बेमध्ये तर अजिबातच नाही. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश असतो. उद्यानाचे रेंजर जहाजावर चढतात, माहिती सांगतात, आणि जहाज सुमारे १०५ किलोमीटर आत टार खाडीपर्यंत जाऊन मार्जरी हिमनदीसमोर बराच वेळ उभं राहतं. मार्जरीची पाण्यावरची भिंत साधारण ७५ मीटर उंच आहे. कप्तान तिथे जहाज जागच्या जागी फिरवतो, दोन्ही बाजूंना पुरेसा वेळ मिळेल अशा बेताने. १७९४ मध्ये व्हँकुव्हर या दर्यावर्दीच्या मोहिमेतले लोक इथे आले तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडापाशीच बर्फाची भिंत होती. आज जहाज जिथून चालतं ते सगळं अंतर त्यानंतर बर्फ मागे हटून मोकळं झालेलं आहे.

त्या दिवशी बाल्कनीत बसून राहणं मात्र शहाणपणाचं नाही. तिथून अर्धंच जग दिसतं आणि रेंजरचं बोलणंही नीट ऐकू येत नाही. हॉलंड अमेरिका कंपनीची जहाजं हिमनदीच्या दिवशी नाळेकडचा डेक उघडतात आणि थंडीने काकडणाऱ्या प्रवाशांना वाटाण्याचं डच सूप देतात. बर्फाचा कडा तुटताना आधी गोळी सुटल्यासारखा आवाज येतो आणि मग पाणी उसळतं. आवाज ऐकून मान वळवेपर्यंत बर्फ पडून गेलेला असतो, म्हणून डोळे भिंतीवर ठेवून उभं राहावं लागतं. यासाठी खुला डेकच बरा. देवमासे बघायचे असतील तर अगदी वरच्या मजल्याचा हट्ट नको. दहाव्या मजल्यावरची बाल्कनी पाण्यापासून तीसेक मीटर उंच धरली तर क्षितिज सुमारे वीस किलोमीटरवर असतं. पंधरा मीटरवरून ते चौदा किलोमीटरवर येतं. डोंगर बघायला उंची कामाची, पण पाण्यातून वर येणारी शेपटी आणि तिच्यावरून ओघळणारं पाणी खालच्या मजल्यावरूनच नीट दिसतं. सात किंवा आठपट दुर्बीण बरोबर असावी. त्याहून जास्त ताकदीची हातात आणि हलत्या जहाजावर स्थिर राहत नाही.

आता घरचा मार्ग. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवर बाल्कनी घ्यावी का, हा प्रश्न पुण्या-मुंबईत हमखास विचारला जातो. कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० चं, त्या काळच्या रचनेचं; बाल्कनीच्या खोल्या त्यात मोजक्याच आहेत, बाकी खिडकीच्या किंवा पूर्ण आतल्या. मुंबईचं बंदर सोडताना शहर उजव्या हाताला असतं. गेटवे, ताज, कुलाबा हे सगळं संध्याकाळच्या उजेडात त्या बाजूने सरकतं, आणि दक्षिणेला वळल्यावर सूर्यही तिकडेच मावळतो. डावीकडे उरण-अलिबागचा किनारा आणि अंधार पडल्यावर खांदेरीवरच्या दीपगृहाचा प्रकाश. पुढे मात्र जहाज किनाऱ्यापासून बरंच दूर, रात्रीच्या अंधारात चालतं. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग बाल्कनीतून दिसतील अशी आशा ठेवून जास्तीचे पैसे मोजू नयेत. जाताना उजवी बाजू आणि परत येताना डावी बाजू पश्चिमेकडे असते, त्यामुळे जा-ये दोन्हीची क्रूझ असेल तर प्रत्येक बाजूला एकेक सूर्यास्त. एक-दोन रात्रींच्या या प्रवासात बाल्कनीपेक्षा मोकळ्या डेकवरची चांगली खुर्ची वेळेत पकडणं जास्त फायद्याचं ठरतं.

मार्ग ठरला, बाजू ठरली. आता जहाज.

सगळ्यात मोठा अडथळा लाइफबोटींचा. समुद्रातल्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय नियम सहज दिसतील आणि पटकन पाण्यात उतरवता येतील अशा होड्या मागतात, म्हणून त्या भडक नारिंगी असतात आणि जहाजाच्या दोन्ही अंगांना ओळीने टांगलेल्या असतात. दीडशे माणसांची होडी दहा-बारा मीटर लांब, आणि खोली जेमतेम तीन मीटर रुंद. एका होडीमागे तीन ते चार खोल्या जातात. होड्यांच्या लगेच वरच्या मजल्यावर बाल्कनी असेल तर समोरचं क्षितिज मोकळं असतं, पण खाली बघितलं की पाण्याऐवजी नारिंगी टपांची रांग. फ्योर्डसाठी हे चालून जातं, कारण तिथे नजर वर असते. डॉल्फिनसाठी नाही. काही कंपन्या अशा खोल्यांवर ‘अडथळा असलेलं दृश्य’ अशी खूण करून दर कमी लावतात. काही नुसतं ‘अंशतः’ म्हणून मोकळ्या होतात, आणि अंशतः म्हणजे किती हे कुठेच लिहिलेलं नसतं.

याला एक घरगुती उपाय आहे आणि त्याला वीस मिनिटं लागतात. जहाजाचा बाजूने काढलेला मोठा फोटो शोधावा. त्यात लाइफबोटींची रांग मिळाली की तिच्या वरचा मजला कोणता ते मजल्यांच्या नकाशाशी ताडून ठरवावं. मग एखादी ठळक खूण पकडावी, उदाहरणार्थ जहाजाच्या मधोमध बाहेर आलेला फुगवटा किंवा बाहेरून दिसणारी काचेची लिफ्ट, आणि तिथून बाल्कन्या मोजत आपल्या खोलीपर्यंत यावं. होडी, होड्या उतरवायचे लोखंडी हात, खिडक्या धुण्याचा झुला, नाळेजवळ जहाज चालवण्याच्या कक्षाचा बाहेर आलेला पंख, सगळं तिथे दिसतं. पुष्कळ प्रवासी खोलीच्या आकड्यानिशी व्हिडिओ टाकतात, तेही बघावेत. मात्र जहाजाची मोठी डागडुजी झाल्यानंतरचे आहेत ना, एवढं तपासावं.

फोटोत आणखी एक गोष्ट बघायची: कठडा काचेचा की पत्र्याचा. अनेक जहाजांवर खालच्या एक-दोन मजल्यांचे कठडे घट्ट पोलादी असतात. उभं राहिलं तर फरक पडत नाही, पण बसल्यावर किंवा पलंगावर पडल्यावर समोर पांढरी भिंत. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांसाठी बाल्कनी घेत असाल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांच्या आधी. छपराचंही तसंच. प्रिन्सेस कंपनीच्या ग्रँड वर्गातल्या जहाजांचे मजले पायऱ्यांसारखे बाहेर आलेले आहेत. ‘कॅरिब’ मजल्यावरच्या बाल्कन्या मोठ्या आणि अर्ध्या झाकलेल्या, ‘डॉल्फिन’वरच्या पूर्ण उघड्या, आणि ‘बाहा’वरच्या लहान पण छताखालच्या. उघडी बाल्कनी म्हणजे ऊन भरपूर, आणि वरच्या पाचपन्नास लोकांची नजरही भरपूर. अलास्कातल्या केचिकानला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे रत्नागिरीच्या तोडीचा आणि तोही बारा महिन्यांत वाटलेला. तिथे छत असलेली लहान बाल्कनी मोठ्या उघड्या बाल्कनीला कधीही भारी.

जहाजाच्या मधल्या भागात हेलकावे कमी. टोकांना ते वाढतात, आणि जितकं वर जावं तितकं डावं-उजवं झुलणंही जास्त. बोट लागण्याचा त्रास असेल त्याने मधला आणि मध्यम उंचीचा मजला धरावा. अगदी मागच्या बाल्कन्यांचे चाहते वेगळेच असतात: जहाजामागे पसरत जाणारा फेसाळ पट्टा, वारा कमी, आणि डावं-उजवं दोन्ही थोडंथोडं दिसणारं. कोपऱ्यावरची खोली मिळाली तर बाल्कनी दोन बाजूंना वळते. पण तिथे यंत्रांची थरथर जाणवते आणि वरच्या मजल्यांवर धुराड्याची काजळी खुर्च्यांवर बसते. नाळेकडच्या खोल्यांना वारा इतका की चहाचा कप हातात धरूनच प्यावा लागतो, आणि पुढे बघणाऱ्या खोल्यांना रात्री पडदे ओढून घ्यायला सांगतात, कारण त्यांचा उजेड वरच्या मजल्यावरून जहाज चालवणाऱ्यांच्या डोळ्यांवर येतो. रॉयल कॅरिबियनच्या व्हॉयेजर आणि फ्रीडम वर्गात जहाजाच्या मध्याला बाहेर फुगलेला भाग आहे. त्याच्या उतारावरच्या बाल्कन्या किंचित तिरक्या असल्याने पुढचं किंवा मागचं दृश्य जास्त मिळतं. माहीतगार त्या खोल्या आधी उचलतात. वर स्वयंपाकघर किंवा पोहण्याचा तलाव असलेली खोली टाळावी. सकाळी सहाला खुर्च्या सरकवण्याचा आवाज दृश्याची सगळी मजा घालवतो. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील असा मजला शोधावा.

नुसत्या ‘बाल्कनी’ शब्दावर कधीच जाऊ नये याचं आणखी एक कारण आहे. १९८४ मध्ये ‘रॉयल प्रिन्सेस’ जहाज आलं तेव्हा प्रवाशांच्या सगळ्या खोल्या बाहेरच्या बाजूला असणं हीच त्याची जाहिरात होती. आता बाल्कनी आतही असते. २००९ च्या ‘ओॲसिस ऑफ द सीज’पासून रॉयल कॅरिबियनच्या या मोठ्या जहाजांत काही बाल्कन्या मधल्या बागेकडे किंवा मनोरंजनाच्या चौकाकडे तोंड करून आहेत. झाडं खरी, समुद्र मात्र नाही. कुणाला तो गजबजाट आवडतो, पण अलास्काला जाऊन तो बघायचा म्हणजे कमालच. ‘सेलिब्रिटी एज’ या २०१८ च्या जहाजाने दुसरी युक्ती काढली. बाल्कनी खोलीतच, पुढे मोठी काच, आणि बटण दाबलं की काचेचा वरचा अर्धा भाग खाली सरकतो. खोली मोठी वाटते, पण हवा बिघडली की ते बटण जहाजाकडून बंद होऊ शकतं. बाहेर बसून वारा खायचा असेल तर जुन्या पद्धतीची बाल्कनीच बरी.

आपल्याकडच्या मंडळींना एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते: बाल्कनीत टॉवेल वाळत घालायचे नाहीत. ही कंपनीची नुसती शिस्त नाही. मार्च २००६ मध्ये जमैकाजवळ ‘स्टार प्रिन्सेस’ जहाजावर आग लागली, ती एका बाल्कनीतून सुरू झाली. बहुधा कुणीतरी फेकलेल्या सिगारेटमुळे. बाल्कन्यांमधले प्लास्टिकचे पडदे आणि खुर्च्या यांवरून ती वरच्या मजल्यांवर चढत गेली आणि एका प्रवाशाचा जीव गेला. त्यानंतर बाल्कन्यांसाठी आगीचे आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि ते २००८ पासून लागू झाले. म्हणून बहुतेक कंपन्या बाल्कनीत सिगारेट ओढू देत नाहीत, आणि उडून दुसऱ्या बाल्कनीत अडकेल असं काहीही बाहेर ठेवू देत नाहीत.

दोन कुटुंबं एकत्र जाणार असतील तर शेजारशेजारच्या खोल्या मागाव्यात आणि बाल्कन्यांमधला पडदा उघडतो का ते विचारावं. अनेक जहाजांवर खोलीचा सेवक तो किल्लीने उघडून देतो आणि दुप्पट लांबीची बाल्कनी मिळते. लहान मूल बरोबर असेल तर दाराला वर, मोठ्यांच्या हाताच्या उंचीवर कडी आहे ना, आणि खुर्ची कठड्याजवळ ओढली जात नाही ना, एवढं पहिल्याच दिवशी बघावं.

दराच्या बाबतीत स्वस्तात मिळणारी ‘खोली कंपनी ठरवेल’ अशी बाल्कनी ज्यांना दृश्यासाठीच जायचंय त्यांनी घेऊ नये. तिथे आकडा हातात नसतो, आणि लाइफबोटीमागची खोली द्यायला कंपनी मोकळी असते. आकडा ठरवून घेतल्यावरही एक काम उरतं. निघण्याच्या काही आठवडे आधी ‘तुम्हाला वरच्या वर्गात बढती’ असं पत्र येऊ शकतं, आणि वरचा वर्ग म्हणजे कागदावर मोठी खोली, प्रत्यक्षात चुकीची बाजू किंवा तलावाखालचा मजला. बुकिंग करतानाच एजंटकडून ‘विचारल्याशिवाय खोली बदलू नये’ असं नोंदवून घ्यावं आणि खात्रीपत्रावर खोलीचा आकडा, मजला आणि बाजू तिन्ही आहेत ना ते वाचून मगच शेवटचा हप्ता भरावा.